खिशातल्या काड्या

“या काड्या कसल्या?”

शर्ट भिजवण्याआधी मी खिसे उलटे करते. आज सलग तिसरा दिवस. आगपेटीच्या काड्या, अर्ध्यात मोडलेल्या, गूल खरवडून काढलेल्या. घरात विडी-सिगारेट कुणी ओढत नाही.

“कान कोरायला,” नवरा बूट चढवता चढवता म्हणाला.

“रोज तीन-तीन? कान तरी किती आहेत तुला?”

सासरे खाटेवर बसून बाळाच्या अंगरख्याची बटणं लावत होते. उजव्या हाताला अंगठा आणि दोनच बोटं, त्यात बाळ पाय झाडतंय. त्यांनी मान वर केली.

“बघू.”

काडी त्यांनी नखाने दाबून पाहिली. मग मुलाला विचारलं, “डाव्या बटणात घालतोस की उजव्या?”

 मला काही कळेना. तो चिडून बोलला. कारखान्यात तो पत्रा ठोकायच्या प्रेसवर असतो, तिला दोन बटणं आहेत. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच ठोकळा खाली येतो, म्हणजे हात आत राहायला नको. पण एकात काडी अडकवली की ते दबलेलंच राहतं आणि एक हात पत्रा सरकवायला मोकळा.

माझ्या हातातला शर्ट बादलीत पडला.

“सगळेच करतात,” तो म्हणाला. “आणि बाबा, तुमचं मशीन बिघडलेलं होतं. आमचं कोरं आहे.”

बिघडलेल्या मशीनने सासऱ्यांची बोटं नेली, ही गोष्ट मी लग्न होऊन आल्यापासून ऐकत आलेय. आल्यागेल्याला सांगितली जायची.

“मशीन ठणठणीत होतं,” सासरे म्हणाले. “बटणात लाकडाची पाचर मारली होती. मीच.”

“बाबा...”

“तुझी आई गेली, तीसुद्धा मशीनला शिव्या देतच गेली. तिलाही बोललो नाही मी.”

त्यांनी पुन्हा अंगरख्याच्या बटणात बोटं घातली. मला मदतीला जावंसं वाटलं, गेले नाही. नवऱ्याने खिशातली आगपेटी काढून फळीवर ठेवली आणि डबा घेऊन तसाच निघाला.

दिवसभर दाराशी कुणाचं पाऊल वाजलं की मी धावत जाऊन बघायचे. दोनदा दूध उतू गेलं.

संध्याकाळी तो आला. दोन्ही हात पुढे करून त्याने बाळाला उचललं. मी बोटं मोजली, मग शर्ट मागून घेतला. खिसा रिकामा होता. तरी शिवणीपर्यंत बोट घालून पाहिलं.

“काही नाही,” मी हळूच म्हणाले.

सासरे भिंतीकडे तोंड करून पडले होते. “उद्याही बघ,” ते म्हणाले.