पस्तान्याची बॅग

ज्योतिष्याने देकीला पश्चिमेकडे, विमानतळाच्या दिशेने, निघायला मंगळवार काढून दिला आणि विमान शनिवारचं. आता काय करणार? सगळे करतात तेच. मंगळवारी बॅग घराबाहेर काढायची, पश्चिमेच्या शेजाऱ्याकडे पस्ताना ठेवायचा, की माणूस निघाल्यात जमा. ती बॅग पुन्हा घरात न्यायची नाही. नेली की प्रवासाचा बट्ट्याबोळ.

नर्सांच्या चाळीत पश्चिमेचं शेवटचं घर इन्चार्ज सिस्टर कुंझांगचं. अवघा भूतान ऑस्ट्रेलियाला निघाल्यासारखा झाला होता. इथून गेलेल्या पाचही पोरींचे पस्ताने कुंझांगने हौसेने ठेवून घेतले होते, लोण्याचा खारा चहा पाजून. इस्पितळात आता दोघीच उरल्या होत्या, ती आणि देकी.

"आना, ठेवू ना आत?" देकीने विचारलं. थोरल्या बहिणीला म्हणावं तसं सगळ्या पोरी कुंझांगला आना म्हणत.

"माझं घर काय बस स्टँड आहे? उचल ती."

"असं काय करता हो! मुहूर्त टळेल माझा."

"टळू दे. तू गेलीस की बाळंतपणं मी काय चार हातांनी करू?"

"पासांग गेली तेव्हा तिच्या बॅगेला तर तुम्ही स्वतः शुभ प्रवासाची, पांढऱ्या शेल्याची खादर घातली होतीत. मीच तेवढी नकोशी?"

"तेव्हा मला अक्कल नव्हती!" कुंझांगने धाडकन दार लावलं.

देकी रडवेली झाली. पण बॅग माघारी नेणार कशी? उंबऱ्याबाहेर ठेवून निघून गेली.

त्याच दुपारी एक बाई अडली. डॉक्टर वरच्या गावांच्या फेरीवर गेलेले. बाळ झालं, वार पडली, आणि रक्त काही थांबेना. कुंझांगने दोन्ही हातांनी गर्भाशय दाबून धरलं. सलाइन लावायला हात काढावा तर पुन्हा धार. ती दाराकडे तोंड करून बाईच्या नवऱ्यावर ओरडली, "देकीला बोलव! अरे पळ ना, बघतोस काय!"

देकी घरच्या कपड्यांवरच धावत आली. एकीने दाबून धरलं, दुसरीने इंजेक्शन दिलं, सलाइन चढवलं. दोघींना एकमेकींशी बोलावं लागलं नाही. बऱ्याच वेळाने गर्भाशय घट्ट झालं. बाई वाचली.

हात धुताना देकी म्हणाली, "आना, मी बॅग परत घरी नेते. नाही जात मी."

हेच तर ऐकायचं होतं कुंझांगला! इतकं बरं वाटलं, की तिची तिलाच लाज वाटली. पोरीच्या डोळ्यांखाली काळं, अंगात ताप असला तरी दुहेरी पाळी. हिला ठेवून घ्यायचं ते कशाला, आपल्यासारखं झिजायला?

ती तडक घरी गेली. बॅग उचलली, आत नेऊन देव्हाऱ्यापाशी ठेवली आणि तिच्यावर खादर घातली.

"शनिवारी माझ्या हातून घेऊन जायची," मागून आलेल्या देकीला ती म्हणाली. "आता रडू नकोस. चहा पी."

शनिवारी देकी गेली.

पुढच्या आठवड्यात वरच्या गावची चिमी तपासणीला आली. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले, सोबत आई. कुंझांगने पोट तपासलं, पोरीला कपडे सारखे करू दिले आणि म्हणाली, "आत्ताच मोठ्या इस्पितळाच्या गावी जाऊन राहा. बाळंतपणाला इथे येऊ नका."

"तिकडे आमचं कोण आहे हो?" आई म्हणाली. "आणि हे तुम्ही सांगताय? या चिमीच्या वेळी डोंगर चढून आला होतात. माझ्या सासूशी भांडलात. गोठ्यात बाळंत होऊन मरायचंय का, म्हणालात, आणि मला खाली इथे घेऊन आलात. आमच्या गावातली इस्पितळात झालेली पहिली पोर ही!"

"हो. म्हणाले होते."

"मग? तिकडे जाणं काही आम्हाला जमायचं नाही. घरीच करावं लागेल."

गोठा नको, घरी नको, हे कुंझांगने उभ्या जन्मात किती बायकांना बजावलं असेल! आता तेच बोलायला तिची जीभ उचलेना.

"घरीच करणार असाल," ती शेवटी म्हणाली, "तर जवळ दोघी तरी असू द्या. इथे मी एकटीच आहे."