तुंबडीबाबाच्या गालातला खडा

गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. तुंबडीबाबाने शिंप्याच्या कुशीवर शिंगाची तुंबडी लावली आणि तुंबलेली मोरी मोकळी व्हावी तसा आवाज काढत ओढायला लागला. मग वाटीत लालभडक थुंकी पडली. थुंकीत टपोरा खडा.

"मूतखडा बाहेर!" चेला ओरडला.

ती वाटी लोक कपाळाला लावत पुढे देत होते. शिंप्याच्या बायकोला उमासा आला. पण नवऱ्याचा फुललेला चेहरा पाहून तिने तो गिळला.

"लघवी तपासा," बाबा ओठांच्या कोपऱ्यातून बोबडं पुटपुटला. "जंतू शापडणार नाही."

खरंच सापडला नाही. तो रिपोर्ट बाबाने गोदामात टांगला. शिंप्याला मात्र हुडहुडी भरून ताप येत राहिला.

"अहो, दवाखान्यात चला ना!"

"कशाला? खडा गेला, रिपोर्ट चांगला. बाबा म्हणतात, उरलेलं विष निघतंय."

त्या दुपारी तो तापातच कोट बेतत होता. दातांत टाचण्या धरून म्हणाला, "कात्री दे गं." आवाज ओठांच्या कोपऱ्यातून आला. बायको जागच्या जागी थबकली. बाबाचा आवाजही अस्साच येतो, तोंडात काही धरल्यासारखा!

ती तडक नवऱ्याला घेऊन गोदामात गेली. "बाबा, ओढण्याआधी चूळ भरा."

"चूळ भरली की सिद्धी वाहून जाते!" चेला मध्ये पडला.

"सिद्धी काय गालात असते?" असं म्हणत तिने, लेकराचा धरावा तसा, बाबाचा गालच चिमटीत धरला. टपटप खडे पडले, मागोमाग अर्धी विरघळलेली रंगाची वडी. लोक बाह्यांनी कपाळं पुसू लागले.

शिंपी पांढराफटक पडला. "मग माझा खडा?"

दवाखान्यातल्या सोनोग्राफीत तो होता तिथेच होता. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन करून खडा काढला आणि कुटून तपासायला पाठवला. आत जंतूंची वसाहत!

"पण लघवी तर स्वच्छ होती," शिंपी पुटपुटला.

"जंतू खड्याच्या पोटात दडून बसतात. लघवीत दर वेळी उतरतातच असं नाही. आणखी चार दिवस गेले असते तर विष रक्तात भिनलं असतं."

तेव्हा मंडळी, रिपोर्ट खोटा नव्हता, अपुरा होता. रिपोर्ट चांगला आणि ताप कायम, तर पुन्हा डॉक्टर गाठा. आणि कुणाची थुंकी कपाळाला लावण्याआधी निदान त्याला चूळ भरायला सांगा.