एका मडक्यात दोन नळ्या

माझ्या काठावर समोरासमोर दोन जागी माती गुळगुळीत झाली आहे. तिथे दारू ओढून प्यायच्या बोरूच्या नळ्या टेकत. डावीकडची जागा जरा जास्त झिजली आहे, कारण आमच्याकडे यजमानाने आधी प्यायचे असते. पेयात विष नाही, हे पाहुण्याला दिसावे म्हणून.

मित्रांनो, मी रुआंडातले एक जुने मडके आहे. कुंभारकाम करणाऱ्या त्वा जमातीतल्या एका बाईने मला दलदलीच्या मातीतून घडवले आणि गवताच्या जाळात भाजले. सेबाहिरे या हुतू शेतकऱ्याच्या घरी माझ्यात ज्वारीची दारू आंबत असे. शेजारचा र्वाबिग्वी तुत्सी होता, गायी पाळायचा. दोघांची भाषा एक, टेकडी एक. तुत्सींचा मान मोठा होता खरा; पण गायी वाढल्या की एखादे हुतू घराणेही तुत्सी मानले जाई.

मग बेल्जियमचे साहेब आले. त्यांनी नाके मोजली, गायी किती ते विचारले आणि प्रत्येकाच्या ओळखपत्रावर एक शब्द कायमचा लिहिला: हुतू, तुत्सी किंवा त्वा. बापाचा शब्द तोच मुलांचा. तुत्सींना शाळा आणि अधिकार मिळाले, हुतूंच्या वाट्याला सक्तीची रस्तेखोदाई आली. र्वाबिग्वी मुकादम झाला. त्याच्या देखत सेबाहिरेच्या पाठीवर छडी बसली आणि र्वाबिग्वीने ती थांबवली नाही.

तेव्हापासून सेबाहिरेने घोट घेतला, तरी र्वाबिग्वी थोडा वेळ त्याच्या तोंडाकडे बघत बसे.

"बघतोस काय?" सेबाहिरेची बायको न्यिराबुकारा म्हणे. "मेला तर आधी तुलाच कळेल!"

एकोणीसशे एकोणसाठ साली साहेबांनी तुत्सींच्या डोक्यावरचा हात काढून हुतूंच्या डोक्यावर ठेवला. पलीकडच्या टेकडीवर तुत्सींची घरे जळू लागली. नेमके तेव्हाच र्वाबिग्वीने आपल्या मुलासाठी सेबाहिरेची मुलगी मुकांडेकेझी मागितली. सेबाहिरे आज पावसाचे कारण सांगे, उद्या कापणीचे. शेवटी र्वाबिग्वी रीतीप्रमाणे माझ्यासमोर येऊन बसला. मागणीच्या वेळी मुलीकडच्यांनी टोमणे मारायचेच असतात. त्या दिवशी त्यांत रीत किती आणि राग किती, मला सांगता येईना.

"वाट चुकलात का, पाहुणे? इथं गायी नाहीत. नुसत्या पाठी आहेत."

"मुलगी मागायला आलोय, सेबाहिरे."

"मुलगी हवी, की लपायला घर?"

"दोन्ही," र्वाबिग्वी म्हणाला. "खोटं कशाला बोलू?"

न्यिराबुकारा नवऱ्याच्या कानाशी वाकली. "अहो, तिची पोरं तुत्सी ठरतील. उद्या कोणी कागद मागितला तर?"

मित्रांनो, पस्तीस वर्षांनी रस्त्यारस्त्यावर तोच कागद मागून लाखो तुत्सी मारले गेले. म्हणून सांगते, कोणी माणसे मोजायला आला, तर तो कशासाठी मोजतो हे आधी विचारा. उत्तर मिळाले तरी लगेच विश्वास ठेवू नका.

सेबाहिरेने मान वर केली.

"माझी नातवंडं कागदावर तुझी होतील, ठाऊक आहे मला. माझेच लोक त्यांच्या अंगावर येतील, तेही ठाऊक आहे," तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला. "मुलगी दिली."