बाना कालुबाचा पायगुण

बाना कालुबा ज्या घराची पायरी चढे, त्या घराचा गवगवा दुपारपर्यंत नळावर पोहोचलेला असे. बाई वाईट नव्हती. चर्चच्या सेवामंडळात तिच्याइतकी झिजलेली बाई अख्ख्या चिफुबू वस्तीत सापडली नसती. आजाऱ्यांना अंघोळ घालायची, मक्याची पेज भरवायची, गोळ्या घेतल्या की नाही ते बघायचं, यात तिची वर्षं गेली होती. पण मंडळ फक्त एचआयव्हीच्या आजाऱ्यांकडे जातं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मंडळाचं निळं चितेंगे कमरेला गुंडाळून ती गल्लीत शिरली की बायका कपडे वाळत घालायचं सोडून बघत राहत, आज पायगुण कुणाच्या दारी!

आणि एक दिवस तो तिच्या जिवाभावाच्या मैत्रिणीच्या दारी गेला. बाना म्वापे, म्हणजे म्वापेची आई, बाजारात सुकट विकायची. दोघी चर्चच्या गायनात शेजारी उभ्या राहून म्हाताऱ्या व्हायला आल्या होत्या. सूर कोण चुकलं यावरून त्यांची दर रविवारी जुंपायची, आणि जुंपली नाही तर दोघींना जेवण जात नसे. म्वापेच्या आईला दुसऱ्या वस्तीतल्या दवाखान्यात नेऊन गोळ्या सुरू करून दिल्या त्या बाना कालुबानेच. उशीर झाला होता, पण सुरू झाल्या होत्या. नंतर विचारपूस करायला ती सवयीने निळं नेसून गेली, तर म्वापेच्या आईने तिला घाईघाईने आत ओढून दार लावलं.

"पुन्हा येऊ नकोस," ती म्हणाली.

"निळं नेसून येत नाही. मंडळाची पिशवीही आणत नाही."

"तू उघडी आलीस तरी लोक म्हणतील, सेवामंडळ आलं."

दोघी हसल्या. मग म्वापेच्या आईचे डोळे भरले. म्वापेचं ठरत होतं, मुलाकडची माणसं मागणीचं ताट घेऊन येणार होती. त्यांच्या कानावर हे गेलं तर पोरीकडे कोण बघणार?

"पोरीलाही मलेरियाच सांगितलाय. लग्न होऊ दे," ती म्हणाली, "मग रोज ये आणि माझ्या डोक्यावर बस."

लपवालपवीने माणसं मरतात, हे बाना कालुबा मंडळाच्या प्रत्येक सभेत टेबलावर हात आपटून सांगत असे. पण मैत्रिणीपुढे तिची जीभ टाळ्याला चिकटली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून तिने कबूल केलं.

ताट आलं, मागणी झाली. पण मुलाचे थोरले काका वारले, सुतक आलं आणि लग्न पावसाळ्यापलीकडे ढकललं गेलं. म्वापेची आई आधी गायनात यायची थांबली, मग बाजारात. सुकटीच्या पाटीमागे म्वापे बसू लागली. आई बरी आहे, मलेरिया रेंगाळलाय, असं ती सांगायची, आणि बाना कालुबा शेंगदाण्याचं पीठ तिच्या हाती देऊन परतायची. कितीदा तरी ती त्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेली. नळावर बायका दिसल्या की तिचे पाय वळत, आणि परक्या आजाऱ्याच्या घरी जाऊन ती तिथेच जास्त वेळ रेंगाळे. शब्द दिलाय, असं ती मनाला बजावत राहिली.

एका शनिवारी सकाळी म्वापे अनवाणी रडत आली, आई गेली म्हणाली. आता त्या घरात जायला कुणाची आडकाठी नव्हती.

शेवटची अंघोळ घालायला पाणी कोमट करून एक बाई आधीच बसली होती. ती म्वापेच्या होणाऱ्या नवऱ्याची आत्या, बाना बुपे. दोघी फडकी पिळू लागल्या.

"तुमचं दोघींचं काही बिनसलं होतं का?" आत्याने हळूच विचारलं.

"नाही."

"मग आला का नाहीत? आम्हाला ताट आणायच्या आधीच ठाऊक होतं. माझी बहीण याच दुखण्याची, तुमच्याच मंडळाच्या बायका तिचं करतात. मीच भावाला म्हटलं, घर आपल्यासारखंच आहे, सोयरीक करू." तिने फडकं पुन्हा बुडवलं. "विहीणबाई काही बोलेनात, म्हणून आम्हीही गप्प बसलो. त्यांचा मान ठेवला. म्हटलं, बाना कालुबा आहेत, त्या बघत असतील."

पाठ पुसायची राहिली होती म्हणून दोघींनी मिळून म्वापेच्या आईला कुशीवर वळवलं.

पाठ सोलवटून निघाली होती. कमरेखाली तळहाताएवढी जखम, खांद्यांवर आणखी दोन. दिवसभर पोरगी बाजारात, आणि ही एकटी उताणी पडलेली. आजाऱ्याची कूस बदलत राहा, पाठ कोरडी ठेवा, हे बाना कालुबाने किती घरांत, किती लेकीसुनांचे हात धरून शिकवलं होतं. म्वापेला ते कुणी शिकवलंच नव्हतं. पोरीचा काय दोष? दोष आपला आहे, हे बाना कालुबाला कळलं आणि तिला उभ्या जागी मरावंसं वाटलं.

आत्याने फडकं पिळून जखमेवर टेकवलं, तसा बाना कालुबाने तिचा हात धरला.

"हळू," ती म्हणाली, "दुखेल तिला."