छातीवरचा श्वास

आमच्या घरातल्या खुर्च्या बसण्यासाठी नाहीत. माझी बायको सरोजिनी रोज सकाळी त्यांच्यावरून उलटी लोंबकळते. योगाच्या वर्गात तिची बरीच वर्षं गेली आणि पेपर वाचता वाचता तिला टोमणे मारण्यात माझीही तेवढीच. "पाहुणे आले तर त्यांनाही असंच लटकवणार का?" असं विचारलं, की ती उलटी लटकूनच म्हणायची, "आधी स्वतःचं पोट आवरा."

यंदा आमची लेक ऋतुजा सातव्या महिन्यातच बाळंत झाली. नात एवढीशी, की बघायचीही भीती वाटावी. डॉक्टर म्हणाले, इतक्या लवकर आलेली बाळं मधूनच श्वास घ्यायला विसरतात. औषधं, यंत्रं चालूच होती, पण घरच्या कुणाच्या उघड्या छातीवर तासन्‌तास राहिली तर बाळं सावरतात म्हणे. ऋतुजाचा रक्तदाब उतरत नव्हता, जावयाला खोकला. सरोजिनी पुढे झाली.

हडपसरच्या त्या हॉस्पिटलात काचेपलीकडून मी तिला पाहत होतो. मागे रेललेली खुर्ची, छातीवर कापडानं बांधलेली नात. सकाळची दुपार झाली. बाई हलली नाही, आणि चेहऱ्यावर सोसल्याची खूणही नाही. देवळाच्या गाभाऱ्यासमोर बोलणं आपोआप थांबतं, तसं माझं झालं. कढीपत्त्यावरून भाजीवाल्याशी हुज्जत घालणारी हीच का ती, असंही वाटून गेलं.

मग तिलाच सर्दी झाली. तिला आत बंदी, राहिलो मी.

श्रद्धा सिस्टरांनी नातीला माझ्या छातीवर ठेवलं. मी ठरवलं, मेलो तरी हलायचं नाही. दात आवळले, खांदे ताठ केले, पाठीतून कळ निघाली ती गिळली. थोड्याच वेळात यंत्र केकाटायला लागलं. सिस्टरांनी धावत येऊन तिच्या पायाचा तळवा चोळला, तेव्हा कुठे तिनं श्वास घेतला. काही वेळानं पुन्हा तेच. म्हटलं, "हिला काचेच्या पेटीत ठेवा. माझ्याच्यानं नाही होणार."

बाहेर बाकावर सरोजिनी मास्क लावून बसली होती. तिला सगळं सांगितलं.

"अहो, तुमचा श्वास चालू होता का?"

"म्हणजे काय?"

"दात आवळले की तुम्ही श्वास धरून ठेवता. बरणीचं झाकण उघडेना की तुमचं तोंड कसं होतं, मला माहितीये."

"मग तू काय करतेस?"

"काही नाही. पाठ दुखली तर दुखू देते आणि श्वास सोडते. लांब. सुरुवातीला मीही आवळूनच करायचे. आसनं तशीच, सासूबाईंचं अंथरुणातलं दुखणं काढलं तेही तसंच. रोज रात्री अंग मोडून यायचं. मग हळूहळू सोडायला शिकले." तिनं मास्क वर ओढला. "नाहीतर तुमच्यासोबत कसे दिवस काढले असते?"

मला वाटायचं, हिला मुळातच सगळं जमतं. ही बाई माझ्या डोळ्यांदेखत, भाकरी भाजता भाजता, एवढं मोठं काही शिकली होती, आणि मला पत्ताही नव्हता.

संध्याकाळी मी पुन्हा आत गेलो. खांदे सोडले, जबडा सोडला. पाठ बोंबलत होती, तिला बोंबलू दिलं. नात उबेला विसावली. बराच वेळ बरा गेला आणि मग माझ्या हाताखालची ती इवलीशी पाठ थांबली.

सिस्टर उठल्या. तळव्याकडे त्यांचा हात गेला. घाबरून माझे दात पुन्हा आवळले जात होते, ते मी सैल सोडले आणि आतलं सगळं वारं सावकाश बाहेर सोडलं. माझी छाती खाली गेली, तिच्यासोबत नातही. मग माझी वर आली.

आणि ती पाठ फुगली.

सिस्टरांनी हात मागे घेतला. माझ्या डोळ्यांतलं पाणी गालावरून ओघळलं, मिशीत शिरलं, खाज सुटली. ते पुसायला मी हात उचलला नाही.