धोंडप्पांच्या हाताचं माप

"धरा, मामा, धरा! सोडू नका!"

बालाजी ओरडला तोवर उशीर झाला होता. प्लायवुडचं बत्तिसावं पान बसवताच खालची चार पानं एकमेकांतून सुटली आणि छातीएवढा उभा राहिलेला लाकडी घुमट एका अंगाला कलून शेडच्या फरशीवर बसला. कुणाला इजा झाली नाही. जीव कळवळला तो तारामतीचा, कारण घुमटाचा आराखडा तिनं काढला होता.

लातूरच्या एमआयडीसीतल्या या कारखान्यात ती अठरा वर्षं कॉम्प्युटरवर कपाटं आणि किचनच्या ट्रॉल्या काढत आली होती. चौकोनांचा तिला अगदी वीट आला होता. तेवढ्यात चाकूरच्या एका शाळेला वाचनालयात घुमट हवा झाला, मुलांनी आत बसून वाचावं असा. मालक बालाजीनं हो म्हणून टाकलं. मालकांचं बरं असतं, हो त्यांनी म्हणायचं आणि निस्तरायचं दुसऱ्यांनी. प्लायवुडची एकशे चाळीस पानं, एकासारखं दुसरं नाही. प्रत्येकाच्या कडेला दाते, शेजारच्या पानाला तशाच खाचा. ना खिळा, ना डिंक. पळसाच्या सपाट पानाचा द्रोण व्हावा, तसे सपाट तुकडे एकमेकांत अडकत गोल होणार होते. तारामतीनं आकडेच असे बांधले होते, की प्लायवुडची जाडी बदलली तर एकशे चाळीस पानांचे दाते आपोआप बदलत. कापायचं काम मशीनचं आणि जोडायचं धोंडप्पांचं.

धोंडप्पा शिरूर अनंतपाळचे सुतार. वय बासष्ट, त्यातली चाळीस वर्षं लाकडात गेलेली.

"कॉम्प्युटर बराबर, मशीन बराबर, मग पडलं कामून?" बालाजी म्हणाला. "सोमवारी नवी पानं कापून पुन्हा जोडू. ताई, तुमचा आकडा चुकला असंल तर दुरुस्त करा. मामांचा हात चुकला असंल तर तसं सांगा. साठी उलटली त्येंची, बसतील घरी सुखानं."

धोंडप्पा चार पावलांवर पडलेली पानं गोळा करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

तारामतीनं आकडे तपासले. चूक सापडेना. मग तिनं मशीनमधून नुकतंच निघालेलं एक पान आणि धोंडप्पांच्या हातून गेलेलं एक पान शेजारी ठेवून वर्निअरनं मोजलं. धोंडप्पांच्या पानाचा प्रत्येक दाता तीन दशांश मिलिमीटरनं बारीक होता. सुतारी भाषेत इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत, त्याचाही दहावा भाग. तिच्या लक्षात आलं. दाराची चौकट असो की पोळपाट, पॉलिशपेपर फिरवल्याशिवाय धोंडप्पा लाकूड सोडत नसत. "खरबरीत लाकूड दुसऱ्याच्या हातात देऊ न्हाई," असं त्यांचे उस्ताद गुरुबसप्पा सांगून गेले होते. चौकटीला ते चालायचं. इथं दाते ढिले पडले.

बालाजीला एक वाक्य सांगितलं की विषय संपला असता. पण ते वाक्य म्हणजे धोंडप्पांची घरची वाट, हे तिला ठाऊक होतं. ती आणखी मोजत बसली. चाळीस दाते मोजले. सगळ्यांवर तेच, तीन दशांश. न मोजता, कुणाशी बोलत बोलत घासलेले दाते! अशा हाताला चुकला कसं म्हणायचं?

तिनं आकड्यांत आणखी एक आकडा घातला आणि त्याला नाव दिलं 'मामा'. क्षणात सगळ्या पानांचे दाते तेवढेच जाड झाले. बालाजीला तिनं सांगितलं, "आकडा माझाच चुकला होता." धोंडप्पांना काहीच सांगितलं नाही, उगाच मनाला लागेल म्हणून. चांगलं वागायच्या नादात माणूस नेमकं बोलायचं तेच गिळतो.

सोमवारी पहिलाच दाता खाचेत शिरेना. धोंडप्पांनी लाकडी हातोडीनं ठोकून पाहिलं, पान चिरायची वेळ आली.

"तवा ढिलं, आता घट्ट," बालाजी वैतागला. "काय करून राहिलेत तुम्ही लोक?"

तारामतीनं पान हातात घेतलं. कडेवरून बोट फिरवताच लाकडाचं कुसळ टोचलं.

"मामा, हे घासलं न्हाई तुम्ही?"

"न्हाई, बाई." धोंडप्पा फरशीकडं बघत म्हणाले. "पडलेली पानं उचलतानाच कळलं मला. माज्या घासण्यानंच पडलं ते. ह्या हातानं लई खेळखंडोबा केला."

"अवो, तुम्ही घासणार म्हणूनच मी दाते जाड केले! तुमचा हात धरलाय मी आकड्यात."

बालाजी दोघांकडं बघत राहिला. "म्हंजी आकडा चुकला नव्हता?"

"नव्हता. आन् मामांचा हातबी न्हाई. चाळीस दाते मोजले मी, सगळे एकसारखे. चुकलं माझं, मी त्यांना सांगितलं न्हाई."

बालाजीनं पान उलटसुलट करून पाहिलं आणि धोंडप्पांपुढं धरलं. "मग घासा की, मामा. जल्दी." तो एवढंच बोलला. पण घरी बसायची गोष्ट आता निघणार नाही, हे तिघांनाही समजलं.

तारामतीनं नवा पॉलिशपेपर आणून दिला. धोंडप्पांनी पान मांडीवर घेतलं, कागद दात्यावर टेकवला आणि ते थांबले.

"किती घासू, बाई?"

हा प्रश्न त्यांनी चाळीस वर्षांत कुणाला विचारला नव्हता. आकडा तिच्या ओठांवर होता. पण तो सांगून काय होणार होतं?

"रोजच्यावानी घासा, मामा."

"रोज किती घासत होतो, तेच आता याद येईना."

दोन हात फिरवून त्यांनी भुसा फुंकला आणि तिच्याकडं पाहिलं. आणखी दोन फिरवले. तिनं होकारार्थी मान हलवली. दाता टक् करून खाचेत बसला, मध्ये केसही शिरला नसता. बालाजीनं "वा, मामा!" म्हणून पाठीवर थाप मारली.

धोंडप्पांनी पुढचं पान मांडीवर घेतलं, कागद दात्यावर टेकवला आणि पुन्हा तिच्याकडं पाहिलं.