डाव्या पायाची स्की

मित्रांनो, मला पाहून मी कोण ते तुम्हाला चटकन ओळखू येणार नाही. शारजातल्या एका सहाव्या मजल्यावरच्या बाल्कनीत, कपडे वाळत घालायच्या स्टँडमागे एक निळी लांबट फळी उभी आहे, ती मी. मी स्की आहे, बर्फावरून घसरायची, डाव्या पायाची. उजव्या पायाची माझी बहीण माझ्याच अंगाला टेकून उभी असते. वाळवंटात बर्फाची वस्तू काय करते, असं विचारू नका. दुबईत एका मॉलच्या पोटात बर्फाचा उतार आहे. बाहेर पंचेचाळीस अंश ऊन असतं तेव्हाही मुलं तिथे टोप्या घालून कुडकुडत उभी असतात.

आमचा जन्म नावाजलेल्या घराण्यातला नाही. खेळाचं सामान विकणाऱ्या एका मोठ्या दुकानाने आपलाच शिक्का मारून आम्हाला बनवून घेतलं. महागड्या स्कीच्या पोटात चांगलं लाकूड असतं, आमच्या पोटात बराचसा फोम आहे. तरी आमच्या पोलादी कडा खऱ्या आणि तळवा गुळगुळीत. शिकणाऱ्या मुलाला त्या छोट्या उतारावर आणखी काय लागतं? आम्ही स्वस्त होतो, खोट्या नव्हतो, एवढं आधीच सांगून ठेवते.

नोव्हेंबरात मिहिका आम्हाला घ्यायला आली. ती नऊ वर्षांची. सोबत तिचे बाबा राजन आणि आई छाया. मिहिका दर शनिवारी त्या उतारावरच्या क्लासला जायची आणि फेब्रुवारीत तिची पहिली शर्यत होती. भाड्याची स्की तिथे तिकिटातच मिळते, पण क्लासमधल्या बाकीच्या मुलांकडे स्वतःच्या होत्या. बाबा महागड्या रांगेत रेंगाळत होते. आईने आमच्यावर हात ठेवला.

"ही घेऊया. साडेचारशे दिरहम, म्हणजे जवळजवळ अकरा हजार रुपये. शिकायला एवढी बास."

आईचं बरोबर होतं. चूक तिथून दोन पावलांवर झाली. दुकानातल्या अर्सलानने मिहिकाला उभं करून आमच्यातलीच, तिच्या हनुवटीएवढी जोडी काढली. बाबांनी ती परत ठेवली आणि तिच्या डोक्याच्याही वर जाणारी आमची जोडी उचलली.

"वाढत्या अंगाची मुलगी आहे. दोन-तीन सीझन चालायला पाहिजे."

मित्रांनो, तुमच्याही घरी गणवेश आणि बूट असेच घेतले असतील. बुटात कापूस कोंबता येतो, गणवेशाला दुमड घालता येते. स्कीला दुमड घालता येत नाही.

"सर, लंबा है. बच्ची मोड़ नहीं पाएगी," अर्सलान म्हणाला.

"सीख जाएगी," बाबा म्हणाले.

अर्सलानने मान हलवली आणि मिहिकाचं वजन, उंची, वय एका कागदावर लिहिलं. माझ्या पाठीवर बूट धरून ठेवणारी पकड आहे. तिला बाइंडिंग म्हणतात. तिच्यात एक बारीक खिडकी असते, त्या खिडकीत आकडा दिसतो. पाय पिळवटताना किती जोर पडला की बूट सुटावा, ते त्या आकड्यावर ठरतं; आकडा मोठा तेवढी पकड घट्ट. त्याने स्क्रू फिरवून आकडा दीडवर आणला. "यह नंबर मत छेड़ना, सर," असंही तो म्हणाला. बाबा तेव्हा कार्ड काढत होते.

पहिल्या शनिवारी मी बर्फावर उतरले तेव्हा मला काय वाटलं ते सांगता येत नाही. मिहिका मला बूट लावण्याआधी थोपटायची. सरळ जाताना आम्ही तिघी छान जायचो. वळायची वेळ आली की माझं शेपूट तिला आवरायचं नाही आणि ती पडायची. पडली की मी तिचा पाय सोडायचे, कारण मला तेवढ्यासाठीच बनवलं होतं.

"बाबा, दे आर टू लाँग," ती एकदा म्हणाली.

"सवय होईल, बेटा. यल्ला, चल, परत वर जा."

उताराबाहेरच्या काचेपलीकडून बाबांना फक्त एवढंच दिसायचं, की मुलगी पडते आणि स्की निसटते. नाचता येईना अंगण वाकडं, असं मिहिकाला कोणी म्हणालं नाही, कारण सगळ्यांना अंगणच वाकडं वाटत होतं. बाबा इंजिनीअर. कंपनीत सैल झालेल्या गोष्टी घट्ट करण्यातच त्यांचा दिवस जायचा. जानेवारीतल्या एका शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी आम्हाला हॉलमध्ये आडवं केलं आणि स्क्रूड्रायव्हर आणला. मिहिकाने मोबाइलचा टॉर्च धरला. आई तेव्हा भाजी आणायला खाली गेली होती.

"आता बघ कशी निसटते," बाबा म्हणाले.

आकडा चारवर गेला. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या फेरीत मिहिका वळताना पडली. उजवी हवेत राहिली. मी बर्फात रुतले आणि माझ्यावर अडकलेला पाय पिळला गेला. मी सुटायची वाट बघत होते. सुटले नाही. तिची नडगी मोडल्याचा आवाज माझ्या अंगातून गेला. अजून उन्हात माझं अंग तडकतं तेव्हा मला तो आवाज आठवतो.

तिला स्ट्रेचरवर घेताना तिच्या शिक्षिकेने, सफाने, बाबांना विचारलं, "बाइंडिंग ओपन नहीं हुआ?"

बाबांचा चेहरा पांढरा पडला होता. "चीप माल है," ते म्हणाले. "दुकान का अपना ब्रँड."

मिहिका रडता रडता थांबली आणि त्यांच्याकडे बघत राहिली.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. मला फाशी झाली असती तरी चाललं असतं. पण शिक्षा दुसऱ्यालाच झाली. मी बाल्कनीत उभी होते आणि आई रोज माझ्याशेजारी कपडे वाळत घालताना पुण्याच्या बहिणीशी फोनवर बोलायची. "मीच म्हटलं गं स्वस्तातली घ्या. राजन चांगली बघत होता. माझ्या काटकसरीने पोरीचा पाय गेला." हे तिने तीन महिने म्हटलं. बाबा दाराआडून ऐकायचे आणि आत जायचे. फेब्रुवारीतली शर्यत मिहिकाने प्लॅस्टर घालून मोबाइलवर पाहिली.

एप्रिलमध्ये बाबांनी मराठी मंडळाच्या ग्रुपवर आमचा फोटो टाकला. विष्णू नावाचे एक गृहस्थ आपल्या लेकीसाठी आम्हाला बघायला आले. बाबांनी आम्हाला पुसून हॉलमध्ये मांडलं. त्या स्क्रूकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही. विसरले, की बघवलं नाही, मला माहीत नाही. आकडा चारवरच होता.

"सात-आठ वेळाच वापरली आहे," बाबा म्हणाले.

"मग विकताय का?" विष्णूंनी विचारलं.

"मुलीने क्लास सोडला."

आई चहा घेऊन आली. तेवढ्यात मिहिका लंगडत खोलीतून बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"अंकल, तसंच नका घेऊ. द स्क्रू इज टू टाइट. बाबांनी टाइट केला होता. मी टॉर्च धरला होता."

विष्णूंनी कप खाली ठेवला. घरी विचारून सांगतो म्हणाले आणि गेले. त्यांचा निरोप आला नाही.

"खरं आहे?" आईने बाबांकडे वळून विचारलं.

"हो."

"मग तीन महिने मी जे बोलत होते, ते तू ऐकत होतास?"

बाबांनी मान खाली घातली. आईने न प्यालेला चहा उचलला आणि आत नेऊन ओतून टाकला. त्या दिवसानंतर तिने माझ्याशेजारी फोनवर ते वाक्य कधी म्हटलं नाही. बाबांशीही ती बरेच दिवस कामापुरतंच बोलली.

त्याच संध्याकाळी बाबांनी बाल्कनीत बसून माझा स्क्रू उलटा फिरवला. मिहिका दारात होती.

"बट नाउ नोबडी विल वेअर देम, बाबा."

"हो, बेटा," ते म्हणाले आणि आकडा दीडवर येईपर्यंत फिरवत राहिले.

त्यानंतर उन्हाळा आला. बाल्कनीतल्या उष्णतेने माझा डिंक सुटला, खाऱ्या दमटपणाने कडा गंजल्या. आता मी खरोखरच टाकाऊ झाले आहे.

मित्रांनो, आमच्यासारखी स्वस्त स्की घ्यावी का, असं कोणी विचारलं तर घ्या म्हणेन. शिकायला आम्ही पुरतो. फक्त आज जेवढे आहात तेवढ्या मापाची घ्या, आकडा जाणत्याच्या हातून लावून घ्या आणि पडल्यावर आम्ही सुटलो तर रागावू नका. आणि चूक तुमच्या हातून झाली, तर ती त्याच दिवशी घरात सांगा, वस्तूवर ढकलू नका. वस्तू गप्प बसते, पण तिच्या शेजारी कपडे वाळत घालणारं माणूस रोज रडतं.

मिहिका पुन्हा बर्फावर गेली नाही. आता तिची उंची माझ्याएवढी झाली आहे. परवा ती कपडे काढायला आली तेव्हा माझ्याशेजारी क्षणभर सरळ उभी राहिली, हाताने माप घेतलं आणि कपडे घेऊन आत गेली.